पक्का रस्ता

उत्पला सारायेव्होला चालली, चार महिने,
नदीचं पाणी तपासायला.
सूचनांचे दोन कागद हातात दिले,
‘वाच आई, तुझ्याच खात्यातलं आहे.’

ट्राममध्ये खिसेकापूंच्या टोळ्या असतात,
दाराशी मुद्दाम गर्दी करतात.
मला हसूच आलं.
बर्डी ते पारडी
अठरा वर्षं तिकिटं फाडते बापा,
दाराशी काय होते ते मला काय सांगता!
अग्रसेन चौकात चढणाऱ्या त्या दोघांना
मी चेहऱ्यानं नाही, मनगटानं ओळखते.

तिच्या कुर्त्याला आतून खिसा शिवला,
पासपोर्ट मावेल एवढा,
दुहेरी दोऱ्यानं.

दुसऱ्या कागदावर मात्र:
शहराबाहेरच्या डोंगरात
जुन्या लढाईतले सुरुंग अजून पुरलेले आहेत.
पक्का रस्ता सोडू नये.
गवतात पाऊल टाकू नये,
लघवीला थांबलात तरीही.

यावर काय शिवू?
सुई तशीच बोटात धरून बसले.

‘काहून भेते एवढी?’ उत्पला म्हणाली,
‘तिथं पाट्या आहेत, लाल, कवटीवाल्या.
कुठं जायचं नाही
ते लिहून तरी ठेवलंय त्यांनी.’

काल कॅश जुळेना, सात रुपये कमी.
डेपोतून निघाले तेव्हा अकरा वाजून गेलेले.
पारडीच्या पुलाखाली दिवे बंद,
टपऱ्यांच्या मागं कोणीतरी खोकललं.
बऱ्याच वेळानं ध्यानात आलं,
मी रस्त्याच्या मधोमध चालत होते,
पांढऱ्या पट्ट्यावरून,
रोजच्यासारखी.