कालव्यांच्या गावाला

व्हेनिसचे पैसे शेवटी सादिकच्या छातीत गेले.
दोन स्टेंट, धंतोलीतलं हॉस्पिटल,
आणि सात वर्षं चालवलेली आमची भिशी
एका सहीनं रिकामी.
"तुमचं अख्खं गाव गिळून बसलो ना बे मी,"
तो म्हणाला, सलाइनच्या नळीकडे बघत.
"हे पाहा, होडी येऊन राहिली."

सुट्ट्या मात्र मंजूर होत्या.
हेमराज निनावे, पाटबंधारे खात्यातून नुकताच सुटलेला,
जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात पाणी पोचवलेला,
नकाशा घेऊन आला. एक निळी रेघ,
अंबाझरीपासून पारडीच्या पार.
"कालवेच पाहायचे ना? चला.
वासाचं म्हणाल तर तिथंही येतो म्हणतात."

शनिवारी सकाळी सहाला आम्ही चौघं
सांडव्याशी उभे.
वैजूच्या पर्समध्ये सादिकच्या गोळ्या,
सादिकच्या पायात नवे बूट,
तिकडच्या दगडी गल्ल्यांसाठी घेतलेले.
इथून खाली ती नदी आहे.
चौकापर्यंत नदी,
मग एका पत्र्याच्या फलकावर नाला,
मग पुढच्या पुलाच्या कठड्यावर
कुणीतरी खडूनं लिहिलेली, पुन्हा नदी.

शहराला नाव हिचंच, नाग,
आणि शहर हिच्याकडे पाठ करून बसलेलं.
शब्दशः पाठ:
मोऱ्यांचे पाइप, स्वयंपाकघरांच्या काळ्या जाळ्या,
दोरीवरचे परकर, मागच्या उन्हाळ्यातले कूलर.
साठ वर्षं राहिलो या गावात
आणि त्याची घामोळलेली पाठ
आज पहिल्यांदा पाहिली.

रामदासपेठेत गच्चीवरून एक बाई ओरडली,
"काय मोजून राहिले भाऊ? भिंत पाडता का?"
हेमराजनं टेप खिशात घातला.
"नाही ताई. फिरायला आलो."
"इथं?"

मग तिनंच खाली येऊन खूण दाखवली,
सप्टेंबरच्या त्या रात्री पाणी कुठवर चढलं:
कॅलेंडरच्या खिळ्यावर वीतभर.
"फ्रीज तरंगून राहिला होता माझा,
या खोलीतून त्या खोलीत,"
ती म्हणाली, थोड्या अभिमानानंच.
सादिक माझ्या कानाशी:
"गोंडोला."

मोक्षधामच्या पुलावर कुणी बोललं नाही.
सादिक कठड्याला टेकला, श्वास मोजत.
वैजूनं गोळी काढली.
त्यानं नको म्हटलं, मग घेतली.
खाली काळ्या पाण्यात एक बगळा
इतकं जपून पाऊल टाकत होता,
जसा चिखलातून लग्नाला निघालेला मास्तर.
आम्ही बराच वेळ त्यालाच पाहिलं.
दुसरीकडे पाहायचं नव्हतं.

मुक्काम इतवारीत, हेमराजच्या भाच्याकडे.
सावजी रस्सा आला. सादिकला फक्त वास दिला.
तो डोळे मिटून म्हणाला, "तिखट कमी आहे,"
आणि खरंच कमी होतं.

रविवारी पारडीच्या पुढं घरं संपली.
फेसाचे गोळे उडून बाभळीत अडकत होते
आणि काठावर पालकाचे वाफे, हिरवेगार.
वैजू थबकली.
"हीच भाजी आपण घेतो?"
हेमराज, ज्याला पाण्याचं सगळं ठाऊक,
पिशवी झटकत राहिला.

पिवळी नदी डावीकडून आली, नावापुरती पिवळी,
आणि हिच्यात शिरली. कुठं जोड पडला कळलं नाही.
सादिक दगडावर बसून
कडुलिंबाच्या काडीनं बुटांचा गाळ काढत होता,
शिलाईतला सुद्धा.
"पुढल्या साली ही करू," हेमराज बोट दाखवत म्हणाला.
"व्हिसा लागत नाही."

वैजूनं तिथंच पर्स उघडली,
प्रत्येकी शंभर, भिशी नव्यानं.
सादिकनं दोनशे काढले,
तिनं शंभर परत केले,
त्यानं ते ओल्या दगडाखाली ठेवले
आणि बूट घालायला लागला.