तीन बोटं

मन्मथअप्पा बिरादार तोंड उघडतात
आणि जबडा डावीकडं वळतो,
सरळ निघालेला बैल
मधेच ओळखीच्या गल्लीत शिरावा तसा.

"कानच दुखूलालाय, बगा."
कानात थेंब टाकून झाले.
मग कुणीतरी एक दाढ काढली,
दुखणं गेलं नाही म्हणून तिच्या शेजारची.
चुन्याच्या डबीतून आणल्यात दोन्ही.
धडधाकट आहेत.

मी खुर्चीमागं उभी राहते,
दोन्ही कानांपुढं एकेक बोट.
हळू उघडा. मिटा.
उजवीकडं टक्.
डावीकडं काहीच नाही.

टक् वाजतं तोवर
घसरलेली चकती परत जागेवर येत असते.
वाजणाऱ्या सांध्याचं मला फारसं भय नाही,
गप्प झालेला मी पुन्हा पुन्हा चाचपते.
हाड एकच, सांधे दोन:
एकाला मागं ठेवून दुसऱ्याला जाता येत नाही.

"उभी तीन बोटं घाला तोंडात."
दीड जातात.
अप्पा बोटांकडं बघत राहतात,
वजनात कुणी मारल्यागत.

अठ्ठावीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात
सौदे पुकारले या तोंडानं.
तूर, हरभरा, करडई,
एका दमात चाळीस ढिगारे.
गेल्या दिवाळीपासून भाव मोबाईलवर पडतात.
अप्पा ढिगाऱ्याशेजारी उभे असतात,
पावत्यांचं पुस्तक घेऊन.

महानंदाबाई दाराशीच बसल्यात.
"रातीला जातं फिरवतेत दातानं.
मी लाईट लावते, तवा थांबतेत."

दिवसा दात एकमेकांना लागलेले असतात का?
"लागूनच असतेत की. सगळ्यांचेच."
नाही अप्पा. ओठ मिटलेले, दात सुटे,
जीभ वर टाळूला.
घास सोडून दातांचं एकमेकांकडं काही काम नसतं.
हे सांगताना
माझेच लागलेले होते.

रात्री घालायची पट्टी बनवू. माप आज घेते.
गरम कापडाचा शेक, दोन वेळा.
भाकरी वरणात कुस्करून.
सुपारी बंद. आणि या वर्षी हुरडा नाही.

"हुरडा नाही?"
पहिल्यांदाच आवाज चढला.
"दोन कणसं."
एकही नाही.
"एक. भाच्याच्या रानातलं."
नाही.
"कवळं असलं तर?"

डबी त्यांच्या मुठीत वाजते.
बाहेर तीन पेशंट.
कवळं असलं तर अर्धी मूठ, म्हणाले मी,
संक्रांतीनंतर, तीन बोटं गेली तरच.

अप्पांनी मान हलवली,
सौदा पक्का झाल्यासारखी,
दात सुटे ठेवून.