वापरलेली, बऱ्यापैकी

बँकेच्या कागदावर एकच ओळ:
एकशे अडतीस मार्क, रात्री दोन सतरा.
त्या वेळी मी तुझ्लातल्या औषधाच्या दुकानात
खोकल्याच्या बाटल्यांवरच्या तारखा तपासत होते.
म्हणजे मी नाही.
म्हणजे आयदिन.

बूट न काढताच त्याच्या खोलीत शिरले.
आमच्या घरात हे चालत नाही,
पण एकशे अडतीस मार्कांनंतर
काय काय चालतं ते बघायचं होतं.

काय घेतलंस?
स्किन.
कसली?
रायफलची.
खेळ फुकट, रायफल फुकट,
गोळ्या तर चणेफुटाण्याहून स्वस्त.
पैसे फक्त वरच्या रंगाचे.
नेम नीट लागतो का त्यानं? नाही.
गोळी लांब जाते? नाही गं.
मग?
मग काही नाही. छान दिसते.

नाकापेक्षा मोती जड, म्हणायला तोंड उघडलं,
पण इथे मुळात नाकच नव्हतं.

त्यानं एक कळ दाबली आणि रायफल वळली,
आरशापुढे नवरी वळून पाठ बघते तशी.
निळी. मधेच जांभळट,
तापून गार झालेल्या सळईवर चढतो तो रंग.
कडांना मात्र उडालेला.
खरचटलेली का घेतलीस?
कोरी नऊशेला आहे. ही वापरलेली, बऱ्यापैकी.
कोणी वापरली?
कोणीच नाही, तो म्हणाला,
हिचे ओरखडे जन्मापासूनचे.

बाबा कॉफीचं भांडं घेऊन दारात कधी आले
कळलं नाही.
वीजकेंद्राचा धूर खिडकीला टेकलेला,
दुपारी चारला दिवा लावलेला.
युद्धाबद्दल बाबा बोलत नाहीत.
रेडिओवर विषय निघाला
की टोपी घालून मिठाच्या तळ्याकडे निघून जातात,
हिवाळ्यातसुद्धा, तळं रिकामं असताना.

आज खुर्ची ओढून बसले.
दस्त्याकडून दाखव, म्हणाले.
आयदिननं फिरवली.
आमची इथे चिरली होती.
शेफिकनं निळी चिकटपट्टी गुंडाळली,
वायरमन होता, पट्टी कायम खिशात.

एकोणतीस वर्षांत
हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

तिघांत एक होती.
खंदकातून उतरणारा
चढणाऱ्याच्या हातात द्यायचा.
लाकूड गरम असायचं.
जानेवारीत तेवढंच बरं वाटायचं.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.
आयदिन बोलला,
यातही मी मेलो ना, बाबा,
की जवळ असेल तो उचलून घेतो.
हो, बाबा म्हणाले. तसंच.
मग कॉफी गार झाल्याची कुरकुर करत
भांडं घेऊन परत गेले.
माझे बूट त्यांना दिसले नसतील असं नाही.

भांडायचं राहूनच गेलं.

पुढच्या महिन्याच्या कागदावर आणखी एक ओळ:
साडेतीन मार्क.
आयदिनला विचारलं तर तो शपथेवर नाही म्हणाला,
आणि खरंच, वेळ होती दुपारी चार चाळीस,
त्याची शाळा दुसऱ्या पाळीची, सुटते सहाला.
त्यानं खेळ उघडला.
रायफल तीच, ओरखडे तेच,
फक्त खाली नावाची पट्टी,
एक अक्षर चुकलेलं,
एका बोटानं टाइप करणाऱ्या माणसाचं चुकतं तसं:
शेफकची.

आयदिननं ते दुरुस्त केलं नाही.
त्याला पुन्हा साडेतीन मार्क पडतात, म्हणाला.

रात्रपाळीत कधी गिऱ्हाईक नसतं,
तेव्हा मनात येतं,
लुब्लिनला नाहीतर ओपोर्तोला
कुणी एक पोरगा आत्ता
धावता धावता खाली वाकला असेल,
पडलेली रायफल त्यानं उचलली असेल,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात
क्षणभर एक चुकलेलं नाव.
वाचेल, न वाचेल.
त्याला घाई असते,
मागून कोणीतरी येत असतं.