कोपरे

शाहूपुरीच्या ऑफिसात दिवसभर मी
दुसऱ्यांच्या बाथरूमच्या फरशा मोजते,
पाच टक्के तूटफूट धरून.
रात्री अकरानंतर
माझं स्वतःचं बांधकाम सुरू होतं :
खेळातल्या बागेत, आकाशपाळण्यामागे,
बत्तीसशे माणसांचं संमेलन केंद्र.

एवढं मोठं सभागृह खेळात तयार मिळत नाही.
चार-चार मीटरच्या चौकटी जोडत जायच्या.
छत जाहिरातींच्या कोऱ्या फलकांचं,
झुंबर म्हणजे बैलगाडीची चाकं, आडवी टांगलेली,
आणि खुर्ची म्हणजे
उलटी कुंडी, अर्धी जमिनीत पुरून.
हवा तसा दगड मिळेना,
तेव्हा किल्ल्याचा बुरूज फोडला, रंग गडद करत नेला
रंकाळ्याच्या ओल्या पायरीपर्यंत.
कुंड्यांच्या नवव्या रांगेला कॉम्प्युटर
मिरचीच्या डंकासारखा धडधडू लागला.

पाहुण्यांच्या डोक्यावर त्यांचे विचार उमटतात.
‘कमान छान आहे.’
‘तहान लागली.’
‘बाहेर कुठून जायचं?’
त्या तिसऱ्यासाठी
तीन रात्री मी नुसती दारं हलवली.

हौसाआत्या कागलहून आलेली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.
एका डोळ्यावर हिरवी पट्टी,
झोप नाही, म्हणून माझ्या खुर्चीमागं उभी.
“कुणाचं लगीन?”
लग्न नाही आत्या, संमेलन.
“जेवान हाय न्हवं?
मग भांडी कुठं घासत्यात?”

बावीस वर्षं ती
ताराबाई पार्कातल्या एका कार्यालयात
मागच्या दारानं जात होती.
समोरची कमान तिनं पाहिली
ती एकदाच, रंगाऱ्याची शिडी धरताना.

मी समजावलं :
कामगारांची जागा आडोशाला ठेवायची असते.
पाहुण्यांना ती दिसली
की त्यांचा आनंद उतरतो. आकडाच खाली येतो, हा बघ.
आत्या हसली, पट्टीवर तळवा दाबून,
डॉक्टरांनी हसायचं नाही म्हटलं होतं तरी.
“खेळ करणाऱ्यानं
आमचं कार्यालय बघितलंय म्हण की.”

“देतो की करून,” मी म्हणाले.
पूर्वेची भिंत काढली, तिथे अंगण केलं.
नळ नव्हता; कारंजं लहान करत करत
नळाएवढं केलं.
“उतार दे. पाणी साचतंय.”
दिला.
“कढई एकटीला उचलत न्हाई.”
दुसरी बाई नेमली.
खेळानं तिला भलतंच कुठलं तरी परदेशी नाव दिलेलं.
आत्या म्हणाली, “सुलाबाई लिव.”

आनंद ब्याण्णवचा चौऱ्याऐंशी झाला.
एक माणूस चालता चालता अंगणापाशी थांबला,
डोक्यावर ढग, ढगात रडका चेहरा,
आणि वळून गेला.
मी भिंत परत लावली नाही.
खरं तर हात गेला होता बटणावर.

पाच तारखेला पट्टी निघाली.
रात्री आत्यानं स्टूल ओढलं,
दोन्ही डोळे बारीक करून
कितीतरी वेळ अंगणात बघत राहिली.
निळ्या गणवेशातली सुलाबाई
मधल्या चार फरशांवर झाडू फिरवत होती,
तेवढ्याच चार, पुन्हा पुन्हा.

“न्हाई,” आत्या म्हणाली,
“ती ही न्हवं.
सुला आधी कोपरे घ्यायची.”