पाच बाय सात

खडेबाजारच्या उतारावर माझं गादीचं दुकान.
पाटी दोन भाषांत, उधारी तिन्हींत.
डिसेंबरात रजया भरून घ्यायला गावं उतरतात,
बेळगुंदी, बिजगर्णी, कडोली,
घरटी एक तरी माणूस पलटणीत असलेली.

त्या दिवशी बाकावर वाद पेटला.
पेपरात कुठल्याशा चौकशीची बातमी, कुठल्याशा सीमेवरची.
निवृत्त हेडमास्तर अष्टेकर म्हणाले,
"जो तिथं नव्हता, त्यानं तोंड उघडू नये."
कोर्टातला पोरगा वकील म्हणाला,
"मग खुनाचा निकाल खुन्यांनीच द्यायचा काय, सर?"
मास्तर चष्म्याचं घर विसरून उठून गेले.
मी बोललो नाही. गिऱ्हाईक दोघंही.

कोपऱ्यात भरमाण्णा हुंदरे.
सुभेदार, पेन्शनीत येऊन दोन वर्षं,
जुनी रजई मांडीवर, मांजर धरावं तशी.
तोही बोलला नाही.

दिवे लागल्यावर परत आला.
मी यंत्र बंद करून भुवयांवरचा कापूस झाडत होतो.
"दस्तगीर, एक विचारतो. खरं मधे बोलू नको.

बर्फ होतं. आम्ही सातजण. एक घर सापडलं.
आत म्हातारा, सून, दोन पोरं.
चार रजया होत्या. घेतल्या.
कुणी ओरडलं नाही, कुणाला हात लावला नाही.
पहाटे म्हातारा उठला नाही.
रिपोर्टात लिहायसारखं काही नव्हतंच.
वैऱ्याची गोळी नाही, आमची गोळी नाही.
सांग आता."

मी म्हटलं, "अण्णा, मी गाद्या भरणारा माणूस.
तुम्ही तिथं होता म्हणून आम्ही इथं झोपतो."

तो हसला. वाईट हसला.
"सगळे हेच म्हणतात की रे. घरात, देवळात.
सांगायला तोंड उघडावं, तर आधी सलामच ठोकतात.
तू तरी सांगशील करून आलो."

बंदुकीतलं मला कळत नाही.
टेकडी कशी चढतात, कुठल्या क्षणी चाप दाबतात,
शेजारचा पडल्यावर डोळ्यांत काय उतरतं,
तिथं मी गप्पच राहीन, मरेपर्यंत.
खरं रजई मला कळते.
चाळीस वर्षं तेवढंच कळलं आहे.

विचारलं, "माप काय होतं?"
तो दचकला. मग हवेत हातांनी दाखवलं,
इतकं नेमकं, की रोज रात्री मोजत असावा.
पाच बाय सात.

"उभी घातली तर दोन माणसं. आडवी टाकली तर तीन.
चार त्रिक बारा.
तुम्ही अकरा होता, अण्णा."

"पाय उघडे पडले असते."

"तुमच्या पायांत बूट होते."

बाहेर कुंद्याच्या दुकानाचं शटर पडलं.

मीही उबेत बसून मोजलं,
दिव्याखाली, समोर चहा.
त्याला मोजायचं होतं काळोखात,
गोठल्या बोटांनी, सहा पोरांचे जीव गळ्यात घेऊन.
हेही मी त्याला बोललो.
"ते राहू दे," म्हणाला. "बारा म्हणालास ना?"
"बारा."
"मलाही बाराच येतात."

मग रजई पुढं सरकवली. अडीच किलो नवा कापूस, लाल अस्तर.
नेहमीसारखी दहा रुपयांवरून घासाघीस केली,
आणि चहा घेतला. गार झालेला.

रविवारी त्याच्या गावात सत्कार. फेटा, बेंजो, आमदाराचा माणूस.
मी गेलो. टाळ्या वाजवल्या,
खोट्या नव्हत्या.
गर्दीत त्यानं मला पाहिलं
आणि नजर चुकवली नाही.

रजई न्यायला मात्र आला नाही.
उन्हं तापली तशी वरच्या फळीवर ठेवली.
चिठ्ठीवर त्याचं नाव,
खाली माप.