ओनेर्वाची बर्फगाडी

ब्रेक दाबला की लिव्हर थेट हँडलला टेकायचा,
मध्ये कसलीच आडकाठी नाही,
सासऱ्यापुढे मान डोलावणाऱ्या जावयासारखा.

"चालतंय की," ओनेर्वा म्हणायची,
"गॅस सोडला की थांबते आपोआप."
थांबायची, खरंय.
इनारीच्या गोठल्या तळ्यावर
चाळीस हिवाळे तिनं तशीच थांबवली:
काउको म्हाताऱ्याच्या होडीघरापाशी अंगठा सैल,
दोन बर्चझाडांच्या अलीकडे पूर्ण सोडायचा,
की बर्फाखालच्या जाळ्याची काठी
बरोबर उजव्या हाताला येते.
हा हिशेब कुठं लिहिलेला नाही.

यंदा जानेवारीत ती आली
आणि माझ्या गॅरेजच्या दाराला
धडकून थांबली.
"बघ," म्हणाली. एवढंच.

बाहेर उणे सव्वीस. सूर्य उगवायला अजून आठवडा.
शेगडी पेटवली तरी लोखंड तापायला तयार नाही.
मोजे घातले तर पाना धरवत नाही,
काढले तर पाना हात सोडत नाही.

आधी केबल: आतल्या तारा तुटून विस्कटलेल्या,
तीनचार तेवढ्या इमानानं ओढत होत्या.
मग कॅलिपर.
पॅड झिजेल तसं एकेक दाता पुढं सरकायची ती चकती
गंजात अशी रुतलेली
की दहा वर्षांत तिनं पाऊल टाकलं नसावं.
आणि पॅड काचेसारखे चकचकीत,
वर तेलाची साय.

तेल आलं कुठून?
हे कुणी विचारत नाही.
नवे पॅड टाकतात, आठवड्यात तेही बुळबुळीत,
मग गाडीच्या नावानं शिमगा.
मी आडवी झाले, बॅटरी तोंडात धरली,
चेनच्या पेटीचं सील
थेंब थेंब रडत होतं डिस्कवर,
किती वर्षं, कोण जाणे.

सील बदललं. डिस्क स्पिरिटनं पुसली,
फडक्यावर काळं उमटेनासं होईतो पुसली.
जुने पॅड फेकले,
नव्यांना बोटाचा ठसासुद्धा लागू दिला नाही.
वंगण फक्त खिळीला, मुगाएवढं.

ओनेर्वा उपड्या बादलीवर बसून कॉफी पीत होती.
"चाळीस वर्षं चाललं," मी म्हटलं, "मग आत्ताच का?"
ती काही बोलली नाही.
पिशवीतून एक हेल्मेट काढलं, केशरी,
माझ्या दोन मुठींत मावेल एवढं.
"पिह्ला. लेकीची लेक.
तिची आई ओउलूला, इस्पितळात, वसंतापर्यंत तरी.
मागे बसते माझ्या.
घट्ट धर म्हटलं तरी धरत नाही गं पोरगी."

संध्याकाळी तळ्यावर नेली गाडी.
संध्याकाळ म्हणजे काय, अंधार तोच, घड्याळ वेगळं.
ओनेर्वानं लिव्हर दाबला.
अर्ध्यातच अडला, टणक.
पट्टा जागच्या जागी थिजला
आणि गाडी मात्र उघड्या बर्फावरून
आडवी, निवांत, घसरत गेली वीस पावलं.

"हे दुरुस्त केलंस?"
"ब्रेक पट्ट्याला धरतो, मावशी. तळ्याला नाही.
हलकं दाब, सोड, पुन्हा दाब.
आणि त्या बर्चपाशी अंगठा तू सैल करतेस ना,
ते सोडू नकोस."

पैसे नको म्हटलं, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेले
दोन पांढरे मासे ठेवून गेली.
दाराचा पोचा अजून तसाच आहे.

दुसऱ्या दिवशी शेगडीपाशी बसून मी कान लावला.
होडीघरापाशी इंजिनाचा आवाज उतरला,
नेहमीच्याच जागी.
मग पुढं, जिथं जाळं नाही, झाड नाही, काहीच नाही,
तिथं कच्चकन ब्रेक.
एक बारीक किंकाळी.
थोडी शांतता.
आणि पुन्हा कच्चकन,
पुन्हा किंकाळी, आता हसण्यासकट,
आणि तिच्याखाली दुसरं एक हसू, घोगरं,
जे या तळ्यावर मी तरी
आजवर ऐकलं नव्हतं.