फळीवरचं चित्र

अतिदक्षता विभागात, सात नंबरच्या खाटेवर,
छतापासून हातभर खाली
एक फळी ठोकलीय.
तिच्यावर एक चित्र, तोंड छताकडे.
खालून कुणालाच दिसू नये म्हणून.

डॉक्टर ब्रेथवेट म्हणतात,
हृदय थांबल्यावर जाणीव वर तरंगत असेल
तर तिला ते दिसेल.
परत आलेल्याला आपण विचारू.
इतकं सोपं.

मेंदूच्या पेशींतल्या नळ्यांत म्हणे
काहीतरी थरथरतं,
आणि माणूस विझला तरी ती थरथर
विश्वात कुठेतरी जमा राहते,
पोस्टातल्या बेवारस खात्यासारखी.
हे त्यांनी कँटीनमध्ये सांगितलं, मिठाच्या पुड्या मांडून.
मी मान हलवली. चहा निवत होता.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी चित्र बदलायचं काम माझं.
स्टुलावर चढते. धूळ पुसते.
कधी हत्ती, कधी पिवळी छत्री, कधी अननस.
साडेचार वर्षं. बघणारं कुणी नाही.

गेल्या डिसेंबरात डग्गलबी आजोबा गेले आणि आले.
चाळीस वर्षं हलच्या बंदरातून मासेमारीच्या बोटीवर,
सहा मिनिटं कुठेच नाही.
तिसऱ्या दिवशी मी फॉर्म घेऊन बसले.
वर काही दिसलं? एखादं चित्र?

"चित्र नाही गं पोरी.
तुझा भांग दिसला.
वाकडा. आणि मधे पांढरा."

भांगासाठी रकाना नव्हता.
'नाही'वर खूण केली.
छाती दाबताना मी ओणवीच होते म्हणा;
भांग खाटेवरूनही दिसला असता,
डोळे उघडे असते तर.

आमच्याकडे जीव टांगणीला लागतो,
मुठीत धरता येतो, कुणावर तरी जडतो,
वर-खाली होतो,
आणि सगळं निभावलं की भांड्यात पडतो.
कुठलं भांडं, ते आईला विचारायचं राहून गेलं.
ती गेली तेव्हा मी इथेच, रात्रपाळीला,
दुसऱ्याच कुणाच्या छातीवर
तीसपर्यंत मोजत होते.

काल स्टुलावर चढले
आणि पहिल्यांदाच खाली बघितलं.
रिकामी खाट. उशीला पडलेला खळगा.
काढून ठेवलेले माझे बूट, एक आडवा.
हे सगळं खाली असताना
अननसाकडे कोण बघेल?

चित्र बदललं तरीही.
वहीत लिहिलं: फेब्रुवारी, किटली.
खिडकीबाहेर हंबरवरून वारा सुटला होता.

भांग हल्ली मी सरळ करत नाही.